सावकाश होऊ द्या

मऊ भात, त्यावर पिवळंधमक वरण, वरणावर तूप, तुपावर पिळलेलं लिंबू, आणि या सगळ्यात पाची बोटं नीट रुतली की आमच्या दाराची बेल वाजते. आधी वाजत नाही आणि नंतरही वाजत नाही. एकदा मी नुसतं कालवल्याचं नाटक करून पाहिलं, पण बेल फसली नाही. बोटं खरोखर वरणात बुडल्याची खात्री करून घेते आणि मगच वाजते.

बाहेर पार्सल घेऊन आलेला मुलगा असतो. पार्सल बरेचदा शेजारच्यांचं असतं. ते घरात असतात, पण जेवत असतात म्हणून दार उघडत नाहीत. हे शहाणपण आमच्या घराला अजून सुचलेलं नाही. पार्सल आमचं असलं तर तो ओटीपी मागतो. ओटीपी फोनमध्ये, फोन लेंग्याच्या उजव्या खिशात आणि उजवा हात खरकटा. डाव्या हाताने उजव्या खिशातला फोन काढायचं आसन कुठल्या योगवर्गात शिकवत असतील तर मला नाव घालायचंय. फोन निघाला तरी तो माझा अंगठा मागतो आणि अंगठा तुपात असतो. तोंड दाखवावं तर गालात घास असल्यामुळे फोन मला ओळख देत नाही. एकदा शेवटी मुलीला हाक मारून फोन उघडून घेतला.

"काका, पहिला आकडा?"

"हहा," मी घासासकट म्हणालो.

"काय झालं काका, हसताय का?"

"हहा! हहा!"

तोही भला मुलगा. माझ्याबरोबर थोडा हसला आणि म्हणाला, "हो, पण आकडा सांगा ना."

सहा हा आकडा रिकाम्या तोंडाचाच आकडा आहे. मी परत ताटावर येईपर्यंत भात गार झाला होता आणि तूप थिजून पांढरं पडलं होतं.

तरीही सगळं खापर बेलवर फोडणं बरोबर नाही. बेल न वाजताही मी काही फार वेळ जेवतो असं नाही. "तुम्ही जेवता की पेटीत पत्रं टाकता?" असं बायको लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हणाली होती. आता ती काही म्हणत नाही, फक्त वाढते आणि बाजूला होते. वर्षानुवर्षं मुलुंडहून लोकल पकडण्यासाठी उभ्या उभ्या पोहे खाल्ले की माणूस रविवारीही चपला घालून जेवल्यासारखा जेवतो.

मग पोटाने तक्रार केली आणि मी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी पोट दाबलं आणि म्हणाले, "घाई. दुसरं काही नाही. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत जायला साधारण वीस मिनिटं लागतात. तुम्ही त्याआधीच सगळं आत ढकलता."

मी मनात हिशेब केला. माझ्या मेंदूला निरोप मिळतो तेव्हा मी जेवून, हात धुऊन, चूळ भरून फ्रिजपाशी उभा असतो आणि "गोड काही आहे का?" असं विचारत असतो.

"प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी टेबलाचा खण उघडला, आतल्या अर्ध्या वडापावचा एक लचका तोडला, खण बंद केला आणि तो लचका गिळत गिळतच पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आम्ही मध्यमवर्गीय माणसं. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध घेण्याआधी त्याबद्दल वाचतो. बत्तीस हा आकडा ब्रिटनचे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या नावावर सांगितला जातो. दात बत्तीस, म्हणून घासाला बत्तीस चावे. पुढे अमेरिकेत होरेस फ्लेचर नावाचे गृहस्थ झाले (१८४९ ते १९१९). घासाचं तोंडातच पाणी होईपर्यंत चावत राहावं असा त्यांचा आग्रह होता, आणि दूध-सूपसुद्धा चावूनच प्यावं असं ते सांगत. त्यांच्या नावाने चावण्याची लाटच आली होती. काफ्का हा मोठा लेखकही त्या लाटेत सापडला. त्याचं ते चर्वण बघवेना म्हणून त्याचे वडील जेवताना तोंडासमोर वर्तमानपत्र धरून बसत, असं त्याच्या चरित्रात येतं. माणसाने आयुष्यभर वडिलांबद्दल तक्रार करावी आणि वडिलांचीही बाजू असावी, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

मी बत्तीस सुरू केलं तेव्हा आमच्याकडे वर्तमानपत्राची गरज पडली नाही. सगळ्यांकडे फोन होते.

आता वरणभात बत्तीस वेळा कसा चावायचा, हे ग्लॅडस्टननी सांगितलेलं नाही. त्यांच्या ताटात असला काही मऊ प्रकार नसावा. चौथ्या चाव्याला वरणभात आपल्या वाटेने निघून जातो आणि उरलेले अठ्ठावीस चावे माणूस रिकामं तोंड चावत बसतो. भाकरीचं बरं असतं. भाकरी बत्तिसाव्या चाव्यालाही मुक्कामाला असते. पण मोजायचं म्हणजे बोलता येत नाही, आणि नवरा बोलत नाही असं दिसलं की बायकोला नेमकं विचारायचं आठवतं.

"दुधाचं बिल दिलंत का?"

मी एकविसाव्या चाव्यावर होतो. मानेने 'हो' म्हटलं.

"मान काय हलवताय? दिलं की देणार आहात?"

"दिलं." मोजणी गेली. पुन्हा एकपासून.

"किती झालं?"

"तेरा."

"तेरा रुपये?"

पलीकडून आई काळजीने बघत होती. "अरे, दाढ दुखते का तुझी? लवंग देऊ?"

चावे मोजणं सोडून मी आपल्याकडच्या मार्गाला वळलो. चरकसंहितेच्या विमानस्थानात जेवण्याचे नियम आहेत आणि ते मला भलतेच पटले. फार भराभर खाऊ नये, पण फार रेंगाळतही खाऊ नये. गरम खावं, आधीचं पचल्यावर खावं. आणि जेवताना बोलू नये, हसू नये, मन जेवणात ठेवावं. हे मी रात्री सगळ्यांना ताटावरच वाचून दाखवलं.

"बाबा, तू आत्ता बोलतोयस," मुलगी म्हणाली.

मी गप्प झालो. बायको गप्प झाली. मुलगा कानात गाणी असल्यामुळे मुळातच गप्प होता. आमटी भुरकल्याचे आवाज तेवढे येत राहिले. माझं मन जेवणात लागलं, आणि लागल्याबरोबर आमटीत मीठ कमी आहे हे कळलं. इतकी वर्षं गप्पांमुळे ते कळत नसे. पण बोलायचं नव्हतं. मी उठून मिठाची बरणी आणली. बायकोने ते पाहिलं आणि तिनेही काही म्हटलं नाही, पण ते न म्हणणं चरकांना अभिप्रेत होतं तसलं नव्हतं. जेवण झाल्यावर आई स्वयंपाकघरात तिला हळूच विचारत होती, "काय गं, पुन्हा भांडलात का?"

ऑफिसात तर याहून कठीण. माझा डबा आमच्या घरून सकाळी नऊला निघतो. डबेवाला तो सायकलवरून स्टेशनला नेतो, तिथे डबे वेगळे होतात, लोकलने दक्षिण मुंबईत येतात, पुन्हा वेगळे होतात आणि साडेबाराच्या सुमारास माझा डबा फोर्टात माझ्या टेबलाखाली येऊन बसतो. झाकणावरच्या रंगीत खुणांवर चालणारा हा सगळा कारभार १८९० पासून सुरू आहे आणि त्याचं कौतुक करायला ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स २००३ साली स्वतः आले होते. एवढ्या दूरवरून, एवढ्या हातांतून आलेल्या पाहुण्याला मी सात-आठ मिनिटांत संपवतो, तेही डाव्या हाताने माउस हलवत. युवराजांनी ते पाहिलं नाही, बरं झालं.

आमच्याकडे एकत्र डबा खायची पद्धत आहे, म्हणजे एकत्र घाईने खायची. त्यात एक गृहस्थ आहेत ते प्रत्येकाच्या डब्यात चमचा घालून "वा, भरली वांगी!" म्हणतात आणि स्वतःची दुधीची भाजी मधोमध ठेवून "घ्या ना, संकोच करू नका" असा आग्रह करतात. आपली भाजी वाचवायची तर आपणच भरभर खायला हवी. त्यातून हल्ली बरोबर एक वाजता ऑनलाइन मीटिंग असते. कॅमेरा बंद ठेवून मी एकदा पोह्याचा पापड मोडला आणि आवाज बंद करायचा राहिला. पुण्याच्या शाखेतले साहेब म्हणाले, "कुणाच्या तरी लाइनवर खरखर येतेय." मी पापड तोंडात तसाच धरून बसलो. दोन मिनिटांनी लाळेने तो आपोआप मऊ झाला. साहेब म्हणाले, "हां, आता क्लिअर आहे." पापड सावकाश खाल्ल्याची माझ्या आयुष्यातली एवढी एकच नोंद.

फ्रान्समध्ये कामाच्या जागी बसून जेवायला कायद्यानेच मनाई आहे, हे मी एकदा डबा खाताना सगळ्यांसमोर जाहीर केलं. २०२१ मध्ये कोविडमुळे त्यांनी ती काही काळ शिथिल केली तर तिथे ती मोठी बातमी झाली. आणि फ्रेंचांच्या साग्रसंगीत जेवणाच्या पद्धतीला तर युनेस्कोने २०१० साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातलंय.

"टेबलावर जेवत नाहीत?" आमचे हेडक्लार्क म्हणाले, "मग फायलींवर आमटी सांडते कशी त्यांच्याकडे?"

"सांडत नाही."

"मग जुनी फाइल ओळखतात कशी?"

इटलीतली हकिकत मी घरी सांगितली. रोममध्ये १९८६ साली जुन्या सुंदर चौकात मॅक्डोनल्ड्सचं दुकान यायचं ठरलं तेव्हा कार्लो पेत्रिनी नावाच्या गृहस्थांनी आणि इतर लोकांनी विरोध केला. लोकांना भांड्यांतून पास्ता वाटला. त्यातून 'स्लो फूड' चळवळ उभी राहिली, १९८९ मध्ये पॅरिसला तिचा जाहीरनामा झाला, आणि तिचं चिन्ह आहे गोगलगाय.

"गोगलगाय?" बायको म्हणाली. "मग आपला प्लंबर त्यांचा सभासद असणार."

"अगं, त्यांनी जगाला सांगितलं की जेवणाला वेळ द्या."

"पास्ता वाटला म्हणालात ना? तो शिजवला कुणी?"

हे मी वाचलं होतं त्यात नव्हतं.

घरी जमत नाही तर बाहेर जाऊ, असं ठरवून आम्ही ठाण्यातल्या एका नावाजलेल्या थाळीच्या हॉटेलात गेलो. रविवारी दुपारी. जे रविवारी दुपारी असल्या हॉटेलात जेवलेत त्यांना पुढचं सांगायला नको, पण मी सांगणार. पाऊण तास बाहेर फुटपाथवर नावाची वाट बघायची, आणि आत गेल्यावर आपल्याला रिकामं टेबल मिळत नाही, जेवत असलेली माणसं मिळतात. त्यांच्या खुर्चीमागे उभं राहायचं. आम्ही एका कुटुंबामागे उभे राहिलो. आजोबा ताक पीत होते. माझी बायको सुशिक्षित बाई आहे, पण तीही त्यांच्या ग्लासातल्या ताकाची पातळी बघत होती. आजोबांनी ग्लास खाली ठेवला, आम्ही पुढे सरसावलो, आणि त्यांनी वाढप्याला हाक मारली, "थोडा भात आण रे." आमच्या मुलाने इतक्या मोठ्याने उसासा टाकला की आजोबांनी भात अर्धाच घेतला.

मग आम्ही बसलो आणि आमच्या मागे दुसरं कुटुंब उभं राहिलं.

पाठीमागे कुणी उभं असताना जेवणं हा वेगळाच प्रकार आहे. मानेवर श्वास येतो. त्या कुटुंबातली एक चार वर्षांची मुलगी माझ्या कोपराशी उभी राहून माझ्या श्रीखंडाच्या वाटीकडे बघत होती. मी एक बोट चाटलं की तीही ओठ चाटे. तिचे वडील सभ्य होते. त्यांनी नुसतं विचारलं, "गोड अजून घेणार आहात का? नाही, सावकाश होऊ द्या, सहज विचारलं."

इकडे वाढपी चौफेर धावत होते. पुरीवाला आला, पुरी टाकून गेला. मागून भाजीवाला, मागून आमटीवाला. "नको" म्हणायला तोंड उघडावं तर तोंडात घास, आणि हाताने नको म्हणावं तर हातावर आमटी. एका वाढप्याने मला दोन वेळा बासुंदी वाढली, कारण पहिल्यांदा मी श्रीखंड हवंय असं सांगत होतो. शेवटचा घास तोंडात जाताच ताटाशेजारी बिल आणि बडीशेप दोन्ही आली. बडीशेप खायला म्हणून मी तोंड उघडलं तर ती चार वर्षांची मुलगी माझ्या खुर्चीवर बसलेलीसुद्धा होती. मी अजून पूर्ण उठलो नव्हतो.

घरी आल्यावर आई म्हणाली, "आमच्या वेळी लग्नात काय पंगती बसायच्या! तासतास जेवायचे लोक." खरं आहे. पंगतीत सगळ्यात सावकाश जेवणारा उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही, हा कायदा फ्रान्सच्या कायद्याहून कडक होता. आणि प्रत्येक लग्नात एक काका असे असत की ते जिलब्यांची पैज लावत आणि त्यांच्यापायी दोनशे माणसं रिकाम्या पानावर मांडी घालून बसत. पायांना मुंग्या येत. यजमान हात जोडून फिरत, "सावकाश होऊ द्या, सावकाश होऊ द्या," आणि हे म्हणताना त्यांची नजर मागे असे. कारण मागे, भिंतीला टेकून, दुसरी पंगत उभी असे. तीही पहिल्या पंगतीच्या ताकाची पातळी बघत असे. आईला याची आठवण करून दिली तर म्हणाली, "हो, पण आम्ही तेव्हा पहिल्या पंगतीत असायचो."

मग मी घरीच पंगत करायचं ठरवलं. येत्या रविवारी, केळीच्या पानावर, खाली बसून, साग्रसंगीत. कुणी घाई करायची नाही, फोन टोपलीत. मसालेभात, बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं, काकडीची कोशिंबीर, पुऱ्या आणि घरचं श्रीखंड. हे मी सांगितलं तेव्हा बायको गव्हाचं पीठ चाळत होती. ती चाळतच राहिली, फक्त चाळण्याचा आवाज वाढला.

शनिवारी रात्री दही पंच्यात बांधून स्वयंपाकघरातल्या नळाला टांगलं. सकाळपर्यंत पाणी निथळून चक्का होणार होता. रात्री दोन वाजता मुलगा पाणी प्यायला उठला. दिवा न लावता त्याने नळ सोडला. सकाळी पंच्यात चक्का नव्हता, पण खाली पातेल्यात ताक मात्र उत्तम झालं होतं. "मठ्ठा करू," आई म्हणाली. आलं, मिरची, कोथिंबीर, हिंग घालून श्रीखंडाचा मठ्ठा झाला आणि गोडासाठी मी जिलबी आणायला पळालो. जिलबीच्या रांगेत सगळं मुलुंड होतं.

आल्यावर मला अळू चिरायचं काम मिळालं. अळू चिरण्याआधी हाताला तेल लावायचं असतं, हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं आणि एकीनेही मला सांगितलं नाही. मनगटापर्यंत खाजवत मी पानं मांडली. पानाचं टोक डावीकडे हवं की उजवीकडे, यावर आई आणि आत्याची फोनवर चर्चा झाली. टोक डावीकडे ठरलं. मीठ वर मध्यावर, लिंबू त्याच्या शेजारी, चटणी-कोशिंबीर डाव्या हाताला, भाज्या उजव्या. मुलीने चटणी उजवीकडे वाढली तेव्हा आईने असा काही आवाज काढला की वॉचमनने इंटरकॉमवरून "सब ठीक है?" असं विचारलं.

दीड वाजता पानं वाढून झाली. मी मांडी घातली. घातली म्हणजे एक पाय घातला आणि दुसरा हाताने उचलून ठेवला.

"थांबा, कुणी हात लावू नका," मुलगी म्हणाली. तिला फोटो काढायचा होता. वरून, कोपऱ्यातून, मग खिडकीच्या उजेडात. "बाबा, पोट आत घे, सावली पडतेय." तूप थिजायला लागलं. तिने फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि फोन टोपलीत ठेवला. मागोमाग सगळ्यांचे फोन टोपलीत गेले आणि लगेच टोपली थरथरत खोलीभर सरकू लागली. नागपूरच्या काकूंनी विचारलं होतं, "मीठ कुठाय?" पुण्याच्या मामांनी लिहिलं होतं, "पान उलटं दिसतंय." पण टोपलीतले निम्मे आवाज आईच्या फोनचे होते. ती ऐंशीच्या पुढची आहे आणि चार भजनी मंडळांत आहे. "माझा तेवढा काढून दे रे," ती म्हणाली, "सुविचार येत असतील."

शेवटी आम्ही जेवायला लागलो. निवांत. आता मनमोकळ्या गप्पा मारायच्या, असं मी जाहीर केल्यामुळे कुणाला काही सुचेना.

"मग?" मी मुलाला विचारलं.

"काय मग?"

"काही नाही. सहज."

दोन मिनिटं शांततेत गेली. मग आईला गावच्या घराच्या वाटणीची आठवण झाली आणि त्यावर मात्र सगळ्यांना बोलायचं होतं.

या सगळ्यात पाचवं पान रिकामं होतं, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं. बायको ओट्यापाशी पुऱ्या तळत होती. पुरी फुगली की झाऱ्यावरून थेट पानात.

"अगं, तू पण बस ना. निवांत जेवू सगळे."

"मग तळणार कोण?"

"गार खाऊ."

"गार पुऱ्या?" आई म्हणाली. "केळीच्या पानावर?"

तेव्हा मी बाणेदारपणे उठलो, म्हणजे मुलाने मला उठवलं, कारण पायांना मुंग्या आल्या होत्या. मी ओट्याशी गेलो आणि बायकोला पानावर बसवलं. माझी पहिली पुरी फुगली नाही. दुसरीही नाही. तिसरी फुगली, पण एकाच बाजूने. बायको पानावरून "तेल तापलंय का? गॅस वाढवा. आता कमी करा. अहो, झाऱ्याने दाबा हलकेच, बुक्की नका मारू," असं सांगत होती आणि प्रत्येक वाक्याला अर्धी उठत होती. चौथ्या पुरीला ती पूर्ण उठली.

तेवढ्यात भांड्यांच्या मावशी आल्या. मुंबईत कुठल्या घरी किती वेळ जेवायचं हे चरक, ग्लॅडस्टन किंवा युनेस्को ठरवत नाही, भांड्यांच्या मावशी ठरवतात. आमच्या घरात "मावशी येतील, आटपा" हे वाक्य ऐकतच माझी मुलं जेवायला शिकली आहेत. मावशींना आमच्यानंतर आणखी चार घरं असतात. त्या दारातच थांबल्या. जमिनीवर केळीची पानं, सगळे खाली बसलेले, कुणी बोलत नाही, माझे हात खाजवून लाल झालेले आणि डोळे तेलाच्या धुराने भरलेले.

त्यांनी चपला हळूच काढल्या. "कुणाचं श्राद्ध हाय का आज?"

"नाही हो, मावशी. आम्ही सावकाश जेवतोय."

"बरं बरं," त्या म्हणाल्या आणि मोरीकडे गेल्या. मग तिथून आवाज आला, "ताई, पानावर जेवताय तर एवढी भांडी कुठनं आली?"

बायकोने त्या दिवशी पावणेचारला जेवण केलं. ओट्यावर, उभ्याने, गार पुरी आणि मठ्ठा. मी शेजारी उभा राहून तिला सावकाश जेवायला सांगत होतो.

त्यानंतरच्या बुधवारी मी घरूनच काम करत होतो. अकरा वाजता बायको नवी साडी नेसून निघाली. "तुमचं वाढून ठेवलंय. झाकण काढा आणि खा," म्हणाली. तीनच्या पुढे परत आली. खाली सोडायला आलेल्या तीन मैत्रिणी अजून रिक्षातून हात हलवत होत्या.

"कुठे होतीस?"

"त्या ठाण्याच्या हॉटेलात. बुधवारी साडेअकराला उघडतं तेव्हा चिटपाखरूही नसतं. आम्हीच चौघी. वाढपी बिचारे आमच्याकडे बघत उभे. मठ्ठा दोनदा घेतला. बासुंदी सावकाश, चमच्या-चमच्याने. एकीने तर मधे दहा मिनिटं झोपसुद्धा काढली."

"मला का नाही नेलंस?"

"तुम्ही बारा वाजता जेवून उठला असतात. मग आमच्या खुर्च्यांमागे उभे राहिला असतात."

मी गप्प बसलो. मग विचारलं, "माझ्यासाठी काही आणलंस?"

तिने पर्स उघडली आणि कागदी रुमालात गुंडाळलेली चिमूटभर बडीशेप माझ्या हातावर ठेवली.

"हळूहळू खा," ती म्हणाली. "बत्तीस वेळा."